खुंटीवरच्या गठुड्यातल्या गोळ्या

आमच्या गावात मला पाठीमागं ‘गोळीवाली’ म्हणतात. म्हणा बापडे. नवी नवरी गावात आली की हळद उतरायच्या आत मी तिच्या दारात हजर. "पोरी, लेकरू कधी पाहिजे ते तुमचं तुमी दोघं ठरवा, पण त्याच्या आधीपासून ही पिवळी गोळी घ्यायची. रोज म्हणजे रोज. चुलीपाशी असलीस तरी आणि बाहेर बसलीस तरी." सासवा तोंड वाकडं करतात. एकीनं तर तोंडावर विचारलं होतं, "तुमाला काय पडलंय एवढं?" तिला तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडण झालं असतं. माझं डोकं लवकर फिरतं. आता निवांत आहे, तर काय पडलंय ते सांगते.

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवर आमची शेती. घरात सासू-सासरे, आम्ही नवरा-बायको, माझा दीर आणि त्याची बायको. ही माझी धाकटी जाऊ वारंगा फाट्याजवळच्या गावची. सासूला आम्ही दोघी मामी म्हणायचो आणि जाऊ मला अक्का म्हणायची. पोरगी हसरी होती, बडबडी होती, भाकरी थापताना एकीकडं तोंड चालूच. मामी म्हणायच्या, "हिच्या तोंडाला कुणी कुलूप लावा गं." पण सायीचा पहिला चमचा तिच्याच ताटात पडायचा. मामी वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असत्या तर मला एवढं जड गेलं नसतं.

तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं. दुपारची वेळ होती, सुईण होती, मी पाणी तापवून देत होते. लेकरू बाहेर आलं आणि सुईणीचे हात थांबले. लेकरू रडलंच नाही. मी वाकून पाहिलं. डोळे, नाक, ओठ सगळं जागच्या जागी, हाताची बोटं इवली इवली. कपाळापर्यंत सगळं बराबर होतं आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. डोक्याची वाटीच नव्हती. सुईणीनं पदर फाडून लेकराच्या डोक्याला गुंडाळला आणि मला म्हणाली, "आईला दाखवू नका." जाऊ पलीकडून विचारत होती, "काय झालं अक्का? पोरगं का पोरगी? रडून काहून न्हाई राहिलं?" मी काय सांगणार होते कपाळ!

गावात चार तोंडं, चार गोष्टी. कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे बाहेरचं. मी नवऱ्याच्या मागं लागून जावेला हिंगोलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. लेकराचं डोकं आणि पाठीचा कणा पोटात पहिल्या महिना-सव्वा महिन्यातच तयार होतो, बाईला आपल्याला दिवस गेलेत हे धड कळायच्या आत. त्या वेळी अंगात फोलिक अॅसिड कमी पडलं तर कणा किंवा डोकं उघडं राहू शकतं. एकदा झालं म्हणजे पुन्हा होण्याचा धोका जास्त. म्हणून दिवस जायच्या आधीपासून गोळी सुरू करायची, रोज, आणि दिवस गेल्यावर पहिले तीन महिने सोडायची नाही. "शंभर टक्के मी सांगत नाही," बाई म्हणाल्या, "पण आपल्या हातात जे आहे ते हेच आहे."

परत येताना एस.टी.त जाऊ बाईंनी दिलेली गोळ्यांची बाटली मुठीत घट्ट धरून बसली होती. मला म्हणाली, "अक्का, आता लेकरू नीट झालं न्हाई तर ह्या घरात माझं काय खरं न्हाई." मी म्हटलं, काहीतरीच बोलू नको. पण तिचं बरोबर होतं. दिराचं दुसरं लग्न करावं अशी कुजबूज पाहुण्यांत सुरू झाली होती. माझ्या कानावर आली होती, तिच्या कानावर आली नसेल असं कसं म्हणू?

घरी आलो. मामींनी बाटली पाहिली. कधी घ्यायच्या विचारलं. जावेनं भोळेपणानं सांगितलं, दिवस जायच्या आधीपासून. झालं! मामींचा चेहरा उतरला. आमच्या शाळेच्या भिंतीवर तेव्हा ‘पाळणा लांबवा’ रंगवलेलं होतं आणि नर्सबाई तशा गोळ्या बायांना वाटत फिरायच्या. मामी म्हणाल्या, "पोट राहिल्यावर दवा खातेत, ते मला कळतं. पोट राहायच्या आधी खातेत ती पाळणा लांबवायची गोळी. मला येडी समजता का गं दोघी? आधीच एक गेलं आणि आता कूसच वाळवून टाकता?" मी समजावायला गेले तर म्हणाल्या, "तू चूप बस. तुझ्या पदरात दोन हायेत, तुला काय जातंय?" आणि बाटली उकिरड्यावर रिकामी केली. कोंबड्यांनी गोळ्या टिपल्या. जाऊ दारात उभी राहून बघत होती.

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, पण मामी तर दवाच फेकून द्यायला निघाल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या बाजाराला नवऱ्याकडून तशीच बाटली मागवली आणि गुपचूप जावेच्या हातात दिली. म्हटलं, ठेव कुठं तरी. ती म्हणाली, "कुठं ठेवू अक्का? मामी डबान् डबा उघडतेत. तांदळात हात घालून बघतेत." खरंच होतं ते. पेटी असो, उतरंड असो, त्या घरात मामींचा हात पोचत नाही अशी जागा नव्हती.

एक होती. तीच तिनं शोधून काढली.

आमच्यात महिन्याचे चार दिवस बाई बाजूला बसायची. गोठ्याला लागून पडवी होती, तिथं. शेतात खुरपायला गेलेलं चालायचं, चुलीपाशी गेलेलं चालायचं नाही. विटाळ चुलीला व्हायचा, खुरप्याला होत नव्हता! त्या दिवसांसाठी एक वाकळ, एक जर्मनची ताटली आणि एक तांब्या वेगळा असायचा. त्याचं गठुडं बांधून पडवीतल्या खुंटीला अडकवलेलं. एरवी त्या गठुड्याला घरातलं कुणी शिवायचं नाही. मामी तर त्याच्या बाजूनं जाताना लुगडं सावरून जायच्या. जाऊ एक दिवस विहिरीवर मला म्हणाली, "सापडली जागा." आणि डोळ्यांनी पडवीकडं दाखवलं. मला इतकं हसू आलं! म्हटलं, वा गं पठ्ठे, ज्या विटाळानं आमचा जीव खाल्ला त्यालाच कामाला लावलंस. त्या दिवशी आम्ही दोघी घागरी घेऊन हसत हसत घरी आलो.

माझी धाकटी पोर तेव्हा अंगावर पीत होती, त्यामुळं माझी पाळी वर्षभर आलीच नव्हती. ती पडवी एकट्या जावेचीच झाली होती. मी अधूनमधून विचारायचे, "घेऊन राहिलीस ना?" ती मान हलवायची, "व्हय अक्का, एक दिवस चुकत न्हाई." मला बरं वाटायचं. मामींचं लक्ष मात्र दुसरीकडं असायचं. ही बाहेर बसली की मामींचा सगळा दिवस करपायचा. तिच्या ताटलीत भाकरी लांबून वरून टाकायच्या. आणि मग एका महिन्यात जाऊ बसली नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. पडवी रिकामीच. मामी सकाळी अंगण झाडताना थांबून त्या रिकाम्या पडवीकडं बघायच्या आणि पुढं झाडायच्या. तीन महिने होईपर्यंत आमच्याकडं अशी गोष्ट तोंडातून काढत नाहीत.

चौथा लागला तशा मामी बदलल्या. जावेला घागर उचलू देईनात, तूप वाढायला लागल्या, शेतात जायचं बंद. तिच्या पायाला स्वतः तेल लावायच्या. घरात सण आल्यासारखं झालं. आणि मी मनात म्हणत होते, हसा, खुशाल हसा, पण ह्यामागं कुणाची गोळी आहे ते मला ठाऊक आहे.

त्याच सुमाराला माझी पाळी परत सुरू झाली. मी पडवीत गेले, गठुडं खाली काढलं, वाकळ उलगडली. त्यातून बाटली गडगडत माझ्या पायापाशी आली. मी उचलली. संपलेली असेल असं धरून उचलली आणि हाताला जड लागली. झाकण काढलं. वरच्या थोड्या गेल्या होत्या, बाकी बाटली भरलेली.

जाऊ अंगणात तूर पाखडत होती, मामी पलीकडं ओसरीत. मला उठून तिच्याकडं जाता येईना, मी विटाळशी आणि ती दोन जिवांची. हाक मारली, "पाणी घाल गं तांब्यात." ती आली, वरून धार धरली. मी बाटली पदराखालून दाखवली आणि हळूच विचारलं, "हे काय गं? घेतल्या न्हाईस?"

"घेतल्या की. बसले तवा रोज घेतल्या. दोन-दोन घेतल्या."

"आणि नंतर?"

तिला प्रश्नच कळला नव्हता. म्हणाली, "नंतर कशा घिऊ अक्का? न्हाल्यावर गठुड्याला शिवलं की परत डोक्यावरून न्हावं लागतंय. रोज न्हाले असते तर मामीनं इचारलं असतं, काहून गं रोज केस वले? आणि आता तर मी बसतच न्हाई. बसायचं कुठं राहिलं?" मग म्हणाली, "आधी अंगात साठवून ठेवल्या म्हणून घेतल्या दोन-दोन. पुरतेत की न्हाई त्या?"

तांब्या भरून पाणी माझ्या पायावर सांडत होतं. मला एवढंच समजलं की ज्या दिवसांत लेकरू पोटात येतच नाही त्या दिवसांत हिनं गोळ्या खाल्ल्या, आणि ज्या महिन्यात लेकराची पाठ तयार होत होती त्या महिन्यात बाटली खुंटीला लटकली होती. आणि हिनं लबाडी केली नव्हती, आळस केला नव्हता. घराचा नियम पाळला होता. एवढं मन लावून पाळला की काय सांगू. मामी ओसरीतून ओरडल्या, "लांबून घाल गं पाणी, शिवशील तिला." मी बाटली परत वाकळीत दाबली. तिला म्हटलं, "पुरतेत. जा तू." दुसरं काय म्हणणार होते?

नर्सबाईंना मी गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, आता लाल गोळी रक्तासाठी चांगली, ती घेऊ द्या, पण पाठीचं जे व्हायचं ते होऊन गेलं. नीट झालं असेल तर नीटच असेल. पोट सोनोग्राफीच्या यंत्रात बघावं म्हणून मी घरात विषय काढला तर मामी उसळल्या. पहिल्या खेपेला काय बघितलं होतं? आता हिला दवाखान्याची वाट दाखवू नका. दिरानं आईच्या पुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही.

पुढचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिचं पोट वाढत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरला, फुलांच्या वाड्या घातल्या, वाट्या झाकून ठेवल्या. तिनं उघडली त्या वाटीत पेढा निघाला. बाया ओरडल्या, "पोरगा, पोरगा!" मामींनी तिच्यावरून बोटं मोडली. मी पंगतीत वाढत होते. एवढ्या बायांत मला एकटीला ठाऊक होतं की विचारायचा प्रश्न पोरगा का पोरगी हा नव्हताच. जाऊ माझ्याकडं बघून हसली. तिला अजून वाटत होतं, साठवलेल्या पुरतील.

बाळंतपणाला मात्र मी हट्टानं मोठ्या दवाखान्यात न्यायला लावलं. मामी संगं आल्या. पोरगाच झाला. आणि रडला! असा खणखणीत रडला की बाहेर बाकावर बसलेल्या मामी उभ्या राहिल्या, हात जोडले, डोळ्याला पदर लावला. "आयकलं का गं? आयकलं का?" मला हलवून हलवून विचारत होत्या. माझाही जीव भांड्यात पडला. सिस्टरनं आम्हाला आत बोलावून लेकरू दाखवलं. डोकं सुंदर, जावळ काळंभोर. मी म्हटलं, देवा, पुरल्या रे बाबा, पुरल्या.

मग सिस्टरनं पुसायला म्हणून त्याला पालथं केलं.

कमरेच्या वर, मधोमध, लिंबाएवढा फुगा होता. त्यावर कातडी नव्हती, पातळ पापुद्रा होता आणि आतून पाणी चमकत होतं. लेकरू हात झाडत होतं, पाय झाडत नव्हतं. सिस्टरनं पायाच्या तळव्याला चिमटा काढून बघितला. मामी म्हणाल्या, "अवो, काहून चिमटे काढता लेकराला?" सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

ऑपरेशनसाठी नांदेडला नेलं. तिथं महिनाभर जगलं ते. जाऊ त्याला पालथं मांडीवर घेऊन पाजायची, कारण उताणं ठेवता येत नव्हतं. शेवटी ताप मेंदूत गेला. तिच्या तोंडाला कुलूप लावा म्हणत होतो ना आम्ही? लागलं. आजतागायत तिला पहिल्यासारखं बोलताना मी ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर सोयरेधायरे जमले आणि मामी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या पोटातच खोट हाय. पोराचं दुसरं बघा." तिथं माझं डोकं गेलं. सासरे होते, दीर होता, गावातली चार माणसं होती. बायांच्या पाळीचा शब्द त्या घरात पुरुषांपुढं कधी निघाला नव्हता, तो मी काढला. बाटलीपासून गठुड्यापर्यंत सगळं सांगितलं. म्हटलं, "खोट हिच्या पोटात न्हाई मामी, आपल्या पडवीत हाय. जा, अजून खुंटीला हाय ती बाटली. हात लावा हिंमत असंल तर!" सासरे उठून बाहेर गेले. दीर जमिनीकडं बघत बसला. मामींचं तोंड पांढरं पडलं. एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं व्हतं." मी म्हटलं, "सांगितलं व्हतं. कोंबड्यांना इचारा."

त्यानं काय झालं? काही झालं नाही. तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. परत आणायला कुणी गेलं नाही. सोडचिठ्ठी झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात दिराचं लग्न लागलं.

आणि आता ऐका. नवी नवरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मामी चहाच्या वेळी तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. तळहातावर पिवळी गोळी. "घे. जीभ दाखव. गिळली? जा आता." रोज. ती पहिल्यांदा बाजूला बसली तेव्हाही मामी पडवीत गेल्या, तिचा हात धरला आणि गोळी दिली. शेजारीण म्हणाली, अवो शिवलात की. मामी म्हणाल्या, "ज्याला विटाळ वाटंल त्यानं न्हावं." मी चुलीपाशी उभी होते. आनंद व्हायला पाहिजे होता मला. पण मला भाकरी उचलून मामींच्या अंगावर फेकावीशी वाटत होती. अक्कल आली हो आली, पण कुणाच्या लेकराच्या जिवावर आली?

नव्या जावेला पोरगी झाली. गोरीगोमटी, लाथा झाडणारी.

त्यानंतर काही महिन्यांनी मी माहेरच्या लग्नाला निघाले होते. वारंगा फाट्याला गाडी बदलायची होती. तिथं हॉटेलासमोरच्या सावलीत ती दिसली. भावाच्या शेतातून आली होती, हाताला माती होती. वाळली होती. मी ‘कशी हायेस’ विचारलं, ती ‘बरी हाय’ म्हणाली. मामींचं विचारलं नाही, दिराचं विचारलं नाही. माझी पिशवी हातात घेतली आणि म्हणाली, "लेकरू झालं म्हणे."

"व्हय. पोरगी."

"पाठ बघितली का अक्का?"

"बघितली."

"हात फिरवून बघितली?"

मी फिरवला होता. बारशाला सगळ्या बाया पाळण्याभोवती गाणी म्हणत होत्या तेव्हा मी दुपट्याखालून हात घालून मानेपासून खालपर्यंत एकेक मणका चाचपला होता. "फिरवला," मी म्हटलं. "सगळी नीट हाय. मधी कुठंच फट न्हाई."

"बरं झालं माय," ती म्हणाली. खरंच तिला बरं वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं. मग रस्त्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे गोळी खरी व्हती."

व्हय म्हणावं तर तिचं लेकरू वाचलं असतं असं मीच तिला सांगितल्यासारखं होतं. नाही म्हणावं, तर ती अजून तरणी होती, भाऊ तिच्यासाठी स्थळ बघत होता, उद्या तिला पुन्हा दिवस जाणार होते.

मी व्हय म्हणाले. ती माझी पिशवी पोटाशी धरून तिथंच मातीत खाली बसली.